जांभीपाड्याच्या अकरा ओळी

"मग या अकरा ओळी कुठे गेल्या?" वळवी गुरुजींनी विचारलं.

"काढून टाकल्या, गुरुजी. नकाशात बसतच नव्हत्या."

जिल्ह्यातल्या सिकलसेल या रक्तविकाराच्या रुग्णांचा नकाशा निनादने तीन दिवसांत उभा केला होता. गावांच्या सीमांची शेपफाइल सॉफ्टवेअरमध्ये घातली, रुग्णांची यादी तिला जोडली, की गावं आपोआप रंगत गेली. आजार जास्त, तिथे लाल गडद. औषधांची गाडी कुठे जाणार, ते यावरूनच ठरायचं होतं.

साखळीने जमिनी मोजण्यात ज्यांची हयात गेली, ते गुरुजी आता थक्क होतील, अशी त्याची खात्री होती.

गुरुजी यादीच बघत होते.

"बसत नव्हत्या म्हणजे?"

"जांभीपाड्याच्या आहेत त्या. धरणानंतर डोंगरावर वसलेला पाडा. फाइल त्याआधीची. सीमाच नाही, तर रंग भरणार कुठे?"

"बरोबर आहे…" गुरुजी म्हणाले. "वाच त्या ओळी."

"आता वाचून काय…"

"वाच."

निनादने जुनी यादी उघडली. "सायकी रूपसिंग, वय चार. बोंडीबाई, वय साठ. जेमा, वय अकरा…"

गुरुजींनी डोळे मिटले होते. प्रत्येक नावाला ते नुसतं "हं" म्हणत होते, हजेरी घेतल्यासारखं.

आठव्या नावावर निनादचं बोट थबकलं.

"ठुमी… वय सहा महिने."

"हं…"

उरलेली तीन नावं त्याने कशीबशी वाचली आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने तो निघाला. रस्ता संपला तिथून ओढा ओलांडून डोंगर चढला.

"तुमचा पाडा कुठवर आहे?" त्याने बोंडीबाईंना विचारलं.

त्या हसल्या. "हाक ऐकू जाते तिथवर."

मोबाइलवर वाटेची नोंद सुरू करून तो पाड्याच्या कडेकडेने चालू लागला. बोंडीबाई मधूनच हाक मारायच्या, तो लांबून ओ द्यायचा. सायकी त्याच्या मागे लागली होती. अर्ध्या वाटेत तिचे गुडघे ठणकू लागले. त्याने तिला कडेवर घेतलं आणि फेरी पुरी केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पाड्यावरून थेट गुरुजींच्या ओट्याशी आला आणि उभ्यानेच लॅपटॉप उघडला. हिरव्या डोंगरावर एक छोटा, गडद लाल ठिपका उमटला होता.

"रेघ जरा वाकडी आलीय, गुरुजी. पोर दमायची, मग थांबत थांबत…" तो घुटमळला. "गाडी सोमवारी जातेय तिकडे."

गुरुजींनी लॅपटॉप मांडीवर घेतला.

आपले पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेत, काट्यांनी ओरखडलेत, हे निनादच्या आता कुठे लक्षात आलं. ओशाळून तो ओट्याजवळच्या पाण्याच्या बादलीकडे वळला.

गुरुजींनी लॅपटॉप हलकेच बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि ते त्याच्या पायांशी वाकले.

"धुऊ नकोस रे एवढ्यात… हा नकाशा बघू दे आधी."