कुंपण नसलेलं फाटक

मांझिनीहून माल्कर्न्सकडे जाताना अननसाची शेतं संपली की रस्त्याच्या डाव्या अंगाला एक फाटक लागतं. दोन जाडजूड खांब, वर आडवं लाकूड, मधे काठ्यांचं दार. दार लावलेलं असतं. फाटकाच्या उजवीकडे काही नाही. डावीकडेही काही नाही. कुंपण नाही, भिंत नाही, साधी दोरीसुद्धा नाही. कोंबड्या बाजूने आत जातात. कुत्री बाजूने जातात. माणसं मात्र दारासमोर थांबतात, "मी विलाकाटी" असं मोठ्याने म्हणतात, कुणीतरी येऊन दार उघडलं की आत शिरतात आणि जेवायला बसतात. ट्रकवाले म्हणतात, शाळामास्तर म्हणतात. एकदा जपानी प्रवाशांची अख्खी बस विलाकाटी होऊन, जेवून, फोटो काढून गेली.

हा देश म्हणजे एस्वातिनी. आपल्याकडे अजून स्वाझीलँडच म्हणतात. आत आहे ती खानावळ. प्रवाशांना तिथे घेऊन येणारा गाइड म्बोंगेनी फाटकाची गोष्ट सांगतो ती बसचं वेळापत्रक वाचून दाखवावं तशा चेहऱ्याने. परवा त्याच्या गाडीत मिरजेच्या घैसासबाई आणि त्यांचा ग्रुप होता. बाई सरळ बाजूने आत निघाल्या. म्बोंगेनीने त्यांना अदबीने परत बाहेर आणलं, दारासमोर उभं केलं आणि सांगायला सुरुवात केली.

फार पूर्वी, म्हणे, या देशात हॉटेल नावाची गोष्टच नव्हती. वाटसरूला भूक लागली की दिसेल त्या घराच्या फाटकाशी थांबून तो हाक मारायचा आणि घरच्यांनी त्याला वाढायचं. दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हा नियम. नियम चांगला होता. पण वरच्या डोंगरात सोबांडला नावाचा एक सरदार होता, आणि त्याला हा नियम फार आवडायचा.

सोबांडला वर्षभर प्रवासच करायचा. कुठे चाललाय विचारलं तर म्हणायचा, पुढे. सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या, सोबत भाले घेतलेली माणसं, आणि मागून एक म्हातारा कारभारी. एवढ्यावर भागलं असतं तर लोकांनी चालवून घेतलं असतं. पण सोबांडलाला एखादा स्वयंपाक आवडला की तो शाबासकी देत नसे, लग्न करत असे. भाजी बरी झाली म्हणून बायको, पेजेची चव जमली म्हणून बायको. डोंगरातल्या त्याच्या वाड्यात सुगरणींची गर्दी झाली होती आणि खोऱ्यातल्या घरांत करपलेल्या मडक्यांची.

कारण खोऱ्यातल्या बायकांनी उपाय शोधला होता. त्या मुद्दाम वाईट रांधायला लागल्या. पिठाच्या घाट्यात खडे, भाजीत राख, पेजेत नुसतं पाणी. सोबांडला एक घास घ्यायचा, उठायचा, पुढच्या घरी जायचा. मुली वाचल्या. पण बाकीचे वाटसरू खोरं टाळून डोंगराला वळसा घालून जाऊ लागले. या रस्त्यावर जेवण्यापेक्षा उपाशी चाललेलं बरं, असं त्या काळी लांबलांबपर्यंत बोललं जायचं.

अशा काळात विलाकाटींच्या घरी त्साबिले नावाची मुलगी होती. घरात तिचे वडील, भाऊ आणि गोगो. गोगो म्हणजे आजी. आणि त्साबिलेची अडचण अशी होती, की तिला वाईट रांधता यायचं नाही.

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. सोबांडला खोऱ्यात उतरल्याची बातमी आली तेव्हा तिने ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून मडक्यात आंबायला सोडून दिलं, पार वास येईपर्यंत, आणि मग त्याची पेज शिजवली. सोबांडलाने मडकं तोंडाला लावलं आणि रिकामं करूनच खाली ठेवलं. तिने भोपळ्याच्या पाल्यात दाण्याचं कूट ओंजळी-ओंजळीने ओतलं, भाजीचा पार चिखल व्हावा म्हणून. त्याने बोटं चाटली. तिने मांसाच्या पट्ट्या वाऱ्यावर लाकडासारख्या वाळवून ठेवल्या होत्या, निदान एखादा दात तरी पडेल म्हणून. त्याने एक पट्टी गालात धरली, चघळत राहिला आणि कारभाऱ्याला म्हणाला, हे प्रवासात न्यायला बरं आहे.

ही आंबवलेली पेज, ही कुटातली पाल्याची भाजी आणि हे वाळवलेलं मांस आज तुम्हाला देशभर कुठेही मिळेल. सगळं त्या दुपारचंच, असं म्बोंगेनी सांगतो. त्याच्या तोंडावरून काही कळत नाही.

जाताना सोबांडला त्साबिलेच्या वडिलांना म्हणाला, "चंद्र भरला की गायी घेऊन येतो." विचारलं नव्हतं, कळवलं होतं. वडिलांनी मान हलवली. समोर एवढे भाले असले की मान आपोआप हलते.

त्साबिलेला त्याचा राग आला, वाड्यातल्या गर्दीची धास्ती वाटली, पण झोप उडाली ती एमासीमुळे. एमासी म्हणजे तुंबड्यात, वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्यात, ठेवून आंबवलेलं गायीचं दूध. वरचं पाणी काढून टाकलं की खाली पांढरं, घट्ट, दह्यापेक्षा दाट असं काहीतरी राहतं. ती रोज सकाळी तेच खायची. आणि चाल अशी होती, की सून सासरी गेली की तिला तिथलं एमासी वर्ज्य. सासरच्यांनी तिच्या नावाने गाय काढून दिली, की मग ती खाऊ शकते. सोबांडलाच्या बायकांना अशी गाय कधीच मिळाली नव्हती. तो नेहमी जेवायच्या गडबडीत असायचा. त्या बायका वर्षानुवर्षं नवऱ्यासाठी तुंबडी भरत होत्या आणि स्वतः वास घेत होत्या. त्साबिलेच्याही नशिबी तेच येणार होतं, मरेपर्यंत.

गोगोने हे सगळं ऐकून घेतलं आणि नातीला विचारलं, तो माणूस तुझ्याकडे कसा बघतो. त्साबिलेने आठवून पाहिलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो मडक्याकडे बघत होता. मी डाव्या डोळ्याने आंधळी असते तरी त्याला पत्ता लागला नसता, असं ती म्हणाली. आणि हे बोलता बोलताच तिला सुचलं, म्हणतात. तिने आजीला जवळ ओढून कानात सांगितलं. गोगो एवढी हसली की गोठ्यातलं वासरू उठून उभं राहिलं.

आता एक गोष्ट इथे सांगायला हवी. एमासी पाहुण्याला देत नसत. बाकी काहीही मागा, पण ते दूध घराण्याच्या गायींचं, त्यावर पूर्वजांची नजर. ज्याचं आडनाव विलाकाटी, त्यानेच विलाकाटींच्या तुंबड्यातलं खायचं. आणि एका तुंबड्यातलं खाल्लं ती भावंडं. भावंडांत लग्न नाही. केलं तर गायी मरतात, पूर्वज पाठ फिरवतात आणि लोक तोंडावर हसतात. हे लहान मुलांनाही माहीत होतं. सोबांडलालाही माहीत होतं. फक्त जेवताना त्याला काही आठवायचं नाही.

चंद्र भरला. सोबांडला आला. खांद्यावर बिबट्याचं कातडं, मागे गायींचा कळप, भालेवाले, कारभारी. त्साबिलेने त्याला घाटा वाढला, भाजी वाढली, पेज वाढली, भोपळ्याचं गोडसर कालवण वाढलं. हात पुसायची वेळ झाली तेव्हा गोगोने कोपऱ्यातलं तुंबडं उचललं, बूच काढलं आणि घरच्यांच्या वाडग्यांत एमासी ओतायला सुरुवात केली.

वडिलांना दिलं, भावाला दिलं. वाडगं सोबांडलाच्या नाकासमोरून त्साबिलेकडे गेलं. त्याच्या उभ्या आयुष्यात भरलेलं भांडं त्याला ओलांडून गेलं नव्हतं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"घरचं आहे," गोगो म्हणाली.

"मी पाहुणा आहे."

"म्हणूनच."

सोबांडलाने तिला नियमाची आठवण करून दिली. दारात आलेल्या वाटसरूला नाही म्हणायचं नसतं. गोगोने शांतपणे सांगितलं, की ती नाही म्हणतच नाहीये. विलाकाटी असं नाव सांगून जो फाटकातून आत येईल त्याला आत्ता वाढेल. त्साबिले लाकडी चमच्याने सावकाश खात होती. मधेच तिने चमचा चाटला आणि वडिलांना नुसतं म्हणाली, "बाबे, आज फार छान लागलंय. एवढं चांगलं पुन्हा कधी लागेल, सांगता येत नाही."

सोबांडला उठला. तडक फाटकाबाहेर गेला. माणसांना वाटलं मालक चिडले, त्यांनी भाले उचलले. त्साबिलेचा चमचा हवेतच राहिला. चिडून निघून गेला तर उद्या दुप्पट माणसं घेऊन येणार, हे तिला ठाऊक होतं.

पण सोबांडला बाहेर जाऊन वळला आणि दारासमोर उभा राहिला. कारभाऱ्याच्या सगळं लक्षात आलं. तो म्हातारा धावत गेला, त्याने कातडं धरून मालकाला मागे ओढलं. तिथे वडिलांना म्हणतात तसं मालकालाही बाबेच म्हणतात.

"बाबे, आपण लग्नाला आलोय."

"माहीत आहे," सोबांडला म्हणाला. "जेवलो की करू."

आणि त्याने सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी हाक दिली. "मी सोबांडला विलाकाटी. मला भूक लागली आहे."

दार त्साबिलेनेच उघडलं. गोगोने अख्खं तुंबडं त्याच्यासमोर ठेवलं. पहिला घास तोंडात गेला. त्साबिले त्याच्या गळ्याकडे बघत उभी होती. घास गळ्याखाली उतरला तेव्हा तिने खाली बसून आपलं वाडगं पुन्हा उचललं. त्याने तुंबडं रिकामं केलं, उलटं करून हलवून पाहिलं.

"पोट भरलं का, नातवा?" गोगोने विचारलं.

सोबांडलाने मान हलवली.

"मग वाडगं धू. आणि थोरल्या बहिणीला आदराने नमस्कार कर."

तो पुन्हा मान हलवायला गेला आणि ती अर्ध्यावर थांबली. कारभारी मटकन खाली बसला. मग गायींमागचा एक भालेवाला हसला, मग दुसरा, आणि मग ते हसू थांबेना. भाले जमिनीवर पडले. त्साबिलेचे वडील, जे कित्येक दिवस बोलले नव्हते, ते उठले आणि गोठ्याभोवती नाचून आले.

सोबांडला मात्र रिकाम्या तुंबड्याकडे बघत होता.

"हे रोज असतं?"

"घरच्यांना रोज सकाळी असतं," गोगो म्हणाली.

मग त्याने विचारलं, संध्याकाळी पण मिळतं का.

अशा तऱ्हेने तो मोठा सरदार विलाकाटींच्या घरचा झाला. सगळ्यात शेवटी आला म्हणून सगळ्यात धाकटा. धाकट्याने वासरं राखायची असतात, ती त्याने राखली. वयाने तो त्साबिलेच्या वडिलांपेक्षा मोठा होता, पण त्याने कधी तक्रार केल्याचं कुणी सांगत नाही.

आणि मग त्साबिलेला आठवलं, की भावाच्या बायका म्हणजे आपल्या भावजया. ती डोंगरावरच्या सगळ्या सुगरणींची वन्सं झाली होती आणि गोगो आजेसासू. आजेसासूचा शब्द मोडायची तिथेही सोय नव्हती. लग्नासाठी आणलेला तो गायींचा कळप गोगोने तसाच्या तसा डोंगरावर परत पाठवला, प्रत्येक सुनेच्या नावाने एक गाय काढून. गायी पोचल्या त्या सकाळी त्या बायकांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा एमासी खाल्लं. काही रडल्या, काहींनी दुसरं वाडगं मागितलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आपापल्या गायी घेऊन खोऱ्यात उतरल्या. सोबांडलाने त्यांना अडवलं नाही. तो वासरांकडे होता.

त्यांनी रस्त्याच्या कडेने चुली मांडल्या. सोबांडलाने आयुष्यभर फक्त उत्तम रांधणाऱ्या बायकांशीच लग्न केलं होतं, त्यामुळे त्या रस्त्याइतकं चांगलं जेवण देशात कुठेच मिळेना. डोंगराला वळसा घालणारे वाटसरू आता मुद्दाम वाट वाकडी करून खोऱ्यात येऊ लागले. येईल त्याला विलाकाटी म्हणायचं आणि पोटभर वाढायचं, असं त्या बायकांनी ठरवूनच टाकलं. सगळेच घरचे झाल्यावर कुंपणाचं काय करायचं, असं गोगोने विचारलं आणि धाकट्याला ते काढायला सांगितलं. त्याने एका दुपारी काट्यांचं सगळं कुंपण उपटलं. फाटकाशी आल्यावर गोगो म्हणाली, एवढं राहू दे. नाव सांगायला काहीतरी समोर हवं.

म्बोंगेनीची गोष्ट इथे संपते. परवा ती संपल्यावर घैसासबाईंनी पर्स काखेत मारली, दारासमोर सरळ उभ्या राहिल्या आणि शाळेत हजेरी द्यावी तशा आवाजात "मी सुलभा विलाकाटी" म्हणाल्या. त्यांचे यजमान त्यांच्यामागून विलाकाटी झाले आणि मग थोडे विचारात पडले. लग्न आधी झालेलं असेल तर चालतं, असं म्बोंगेनीने त्यांना सांगितलं.

आत लिंडीवे नावाची मुलगी वाढत होती. तिने घाटा आणला, कुटातली भाजी आणली, मग सगळ्यांपुढे एमासीचे वाडगे ठेवले. घैसासबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी विरजणाची चौकशी केली. तेवढ्यात त्यांचं लक्ष म्बोंगेनीकडे गेलं. त्याच्यापुढे सगळं होतं, एमासी नव्हतं.

"तू नाही घेत?"

"घसा बसलाय," म्बोंगेनी म्हणाला.

चुलीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या मालकीणबाई वर न बघता म्हणाल्या, या खोऱ्यातल्या पोरांचे घसे इथे आले की बसतात. कुणाचा महिनाभर, कुणाचा वर्षभर. याचा तर लिंडीवे कामाला लागली तेव्हापासून बसलाय.

म्बोंगेनीच्या तोंडावरून काही कळलं नाही. लिंडीवेच्याही नाही. तिने त्याला आणखी भाजी वाढली.

आजही ते फाटक तिथे उभं आहे. आजही दार लावलेलं असतं आणि बाजूने कोंबड्या जातात. दिवसभरात कितीतरी विलाकाटी आत येतात, जेवतात आणि आपापल्या आडनावांनी पुढच्या गावाला जातात. म्बोंगेनीही रोज येतो, "मी विलाकाटी" असं म्हणायला सगळ्यांना लावतो आणि स्वतः मात्र कोंबड्यांच्या मागून बाजूने आत शिरतो. लिंडीवे ते रोज बघते. सगळ्यांना वाढून झालं की ती तुंबडं घेऊन त्याच्यापर्यंत येते, क्षणभर थांबते, आणि आजवर एकदाही त्याला घे म्हणालेली नाही.