साळुंकीला भूक लागली

गावात मिठाईचं पहिलं दुकान निघालं, तेव्हाची गोष्ट. आंब्याच्या ढोलीत एक साळुंकी आपल्या दोन पिल्लांसह राहत होती. पिल्लांचा बाप गेल्यापासून ती त्यांना लाडाने बुंदीच भरवी. स्वतः जेमतेम काही टिपे. पिल्लं गुबगुबीत झाली, पण उडायचे दिवस आले तरी पंखांत बळ येईना.

"साळुंकीताई, पिल्लांचे लाडू वळताय का?" शेजारचा बुलबुल म्हणाला. "अळ्या द्या त्यांना."

"ई! वळवळतात त्या!" पिल्लं किंचाळली.

साळुंकीने एक जाडजूड अळी आणली आणि त्यांच्यासमोर स्वतःच खाऊ लागली. कितीतरी दिवसांनी तिला चव लागली.

"आई, एकटीच खाणार?" थोरलं पुढे सरकलं.

"मग ये की!"

नांगरणी सुरू झाली तेव्हा बैलांमागे तिघंही उडत, किडे टिपत हिंडत होती.