तळच्या मडक्यातल्या चिठ्ठ्या

एका गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडावर, टोपल्या विणणाऱ्यांची दहा-बारा घरं होती. त्यातल्या शेवटच्या घरात येसू राहायची. नवरा बांबू आणायला जंगलात गेला, की महिना महिना यायचा नाही. घरात येसू आणि तिची लेक गोदी, दोघीच.

गोदी खाली गावातल्या शाळेत जायची. एके दिवशी तिनं चिठ्ठी आणली. "गुरुजींनी तुझ्या हातात द्यायला सांगितलीय," म्हणाली. येसूला अक्षर येत नव्हतं, आणि गोदीलाही अजून धड वाचता येत नव्हतं. पोरीची तक्रारच असणार, दुसरं काय असणार? वाण्याकडून वाचून घ्यावी, तर तो गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचणार. शेजारच्या ठकूकाकूला दाखवावी, तर तिची जीभ बांबूच्या कामट्या सोलायच्या सुरीसारखी. येसूनं उतरंडीची मडकी एकेक करून खाली घेतली आणि अगदी तळच्या मडक्यात चिठ्ठी टाकली.

मग दुसरी आली. तिसरी आली. दर वेळी उतरंड उतरवायची, पुन्हा रचायची. वस्तीतल्या बायका ओट्यावर विणत बसायच्या, हसायच्या. येसू मात्र आपल्या दारात, त्यांच्याकडे पाठ करून विणायची. कुणी पोरीचं विचारलं तर सांगायचं काय, हीच धास्ती.

पाचवी चिठ्ठी आली आणि तिचा धीर सुटला. पोरीचं नाव शाळेतून काढणार असतील तर? त्यांनी काढण्यापेक्षा आपणच काढलेलं बरं.

"उद्यापासून शाळा नको," ती म्हणाली. "कामट्या सोलायला बस."

गोदी रडली नाही, भांडलीही नाही. तिनं मडकी खाली उतरवली आणि आपली पाटी तळच्या मडक्यात घातली.

"तिथं कशाला गं?"

"लपवायचं ते तू इथंच ठेवतेस ना, आई?"

येसूनं पाचही चिठ्ठ्या उचलल्या आणि थेट ठकूकाकूचं दार गाठलं.

"काकू, हसायचं तर हसून घ्या. पोरीच्या शाळेतून आल्यात. मला वाचता येत नाही."

ठकूकाकू हसली नाही. "मला तरी कुठं येतंय, बाई?" असं म्हणून ती आत गेली. मडकी सरकल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या पदरात चिठ्ठ्या होत्या. पिवळ्या पडलेल्या, कडा झुरळांनी खाल्लेल्या.

"माझ्या शिरपाच्या आहेत. दहा वर्षं झाली."

शिरपा म्हणजे तिचा एकुलता एक लेक. शाळा अर्ध्यावर सुटली तसा तो दूर मुलखात कामाला गेला, तो सणालाही येत नव्हता.

त्या दिवशी वस्तीत घरोघर उतरंडी उतरल्या. घरोघर चिठ्ठ्या निघाल्या. जिला तिला वाटत होतं, आपल्याच घरात आहेत.

आता वाचणार कोण? बायकांनी पोरांनाच गोल करून बसवलं. एकाला अडलं, की दुसऱ्यानं सांगायचं. गोदीनं सुरुवात केली, आणि सगळी पोरं घामाघूम झाली तेव्हा कुठं एक चिठ्ठी वाचून झाली.

"लेकरू चांगलं आहे. रोज घटकाभर जवळ बसवून त्याला मोठ्यानं वाचायला लावा. तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालेल. नुसतं ऐका."

बाकीच्या चिठ्ठ्यांतही तेच होतं. शिरपाच्याही.

"एवढंच होतं?" ठकूकाकू म्हणाली. "जवळ बसा, एवढंच?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका मिळून शाळेत गेल्या. गुरुजींनी सगळं ऐकलं आणि मान खाली घातली. "माझंही चुकलंच," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं चिठ्ठ्या धाडत बसलो. एकदा टेकाड चढून आलो नाही."

मग रोज दिवेलागणीला पोरं ओट्यावर वाचू लागली आणि बाया विणता विणता ऐकू लागल्या. जिला बाजारात उशीर होई, तिच्या पोराचं शेजारीण ऐकून घेई. आठवड्यातून एकदा गुरुजी धापा टाकत वर येत. गोदीची पाटी पुन्हा मडक्यात गेली नाही.

ठकूकाकूच्या घरात वाचणारं कुणीच नव्हतं. तरी ओट्यावर सगळ्यांत आधी तीच येऊन बसायची. एखादं पोर अडखळून थांबलं, की हळूच म्हणायची, "वाच रे बाबा. मी ऐकतेय."

तात्पर्य: आपलं न येणं एकेकट्यानं झाकून ठेवलं, तर त्याचं ओझं लेकरावर पडतं; चार घरांनी ते उघड्यावर मांडलं, तर अडाणी वस्तीही आपल्या लेकरांना शिकवू शकते.