कासवाचा उपवास

कासवं दगडी डोणीत राहत, त्या काळची गोष्ट. एका डोणीत कासव आणि पाणवेल शेजारी होते. कासवाची घाण वेल शोषून घ्यायची आणि कासव वेलीची पानं खायचं. पाणी नितळ असायचं.

एकदा वेल रडून म्हणाली, "दादा, रोज मलाच ओरबाडता!" कासव लाजलं आणि त्याने पानं खाणं सोडलं.

वेल इतकी माजली की डोणी झाकून गेली. सावलीतली पानं कुजली, पाण्याला वास सुटला आणि कासवाला श्वासासाठी नाक वर काढता येईना.

वेल घाबरली. "दादा, खा ना!"

"रडणार नाहीस?"

"नाही हो! शेंडा तेवढा ठेवा."

कासवाने कराकरा वाट काढली. पाण्यात ऊन उतरलं. सकाळी शेंड्याला पान फुटलं.

"हे तुमचंच," वेल हसली, "पण आधी मोठं होऊ द्या!"