वीणा खाली ठेवायची नसते

बुवांची आठवण लिहून द्या, आठवण लिहून द्या म्हणून मठाच्या स्मरणिकेवाल्यांनी माझं डोकं खाल्लं. मी चौथी शिकलेला माणूस. बुवा होते तेव्हा कुणी त्यांचं ऐकलं नाही, आता गेल्यावर छापायला निघालेत. बरं, लिहितो. पण माझ्या लिहिण्यात साखर घालायची नाही.

"बुवा, विहिरीला पाणी आहे तोवर उपसायचं नाही, तर मग कधी उपसायचं?"

हे विचारणारा विश्वासराव थिटे. आमच्या साखर कारखान्याच्या बास्केटबॉल संघाचा सेक्रेटरी. संघात कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, सगळं याच्या हातात. यानं जन्मात चेंडू उचलला असेल तर गाडीतून उतरवतानाच.

आणि विहीर म्हणजे आमचा हणमंत खिलारे.

उसाच्या गावात हा खेळ शाळेतल्या एका ड्रिल मास्तरानं आणला, आणि हणमंतानं त्याला नाव मिळवून दिलं. जाळीखाली उभा राहिला की तीन माणसं अंगावर घेऊन चेंडू वर टाकायचा. पाच गावची माणसं बघायला यायची. पण ते तेव्हाचं. आता त्याला एकोणचाळिसावं लागलं होतं. सामना झाला की उजवा गुडघा कवठासारखा टरारून यायचा. त्यानं सेक्रेटरीला सांगून टाकलं होतं, यंदा मी थांबतो.

थिटे म्हणत होता, थांबायचं नाही. हणमंत बुवांचा माळकरी. बुवांचा शब्द मोडणार नाही. म्हणून बुवांनी त्याला सांगावं की आणखी दोन वर्षं खेळ. एवढ्यासाठी हा गाडी घेऊन मठात आला होता.

सप्ताह चालू होता. महिपतबुवा मंडपात वीणा गळ्यात घालून उभे होते. तार छेडत होते.

"मी त्याच्यासाठी काय कमी केलंय?" थिटे म्हणाला. "बाहेरगावाहून तीन माणसं आणली. त्यांना काम एकच, चेंडू हणमंताच्या हातात द्यायचा. अख्खा संघ त्याच्याभोवती उभा केला."

"आणि केरबाला नि सादिकला काढलं, ते कुणासाठी?" मी म्हणालो.

मी खांबाला टेकून बसलो होतो. वीणेचा पुढचा पहारा माझा होता, त्याच्या पुढचा राघू शिंप्याचा.

"काढलं नाही. दुसऱ्या संघाला सोडतोय. आज त्यांचे कागद जातील."

"हणमंताच्या जागेवर खेळणारी तेवढी दोनच पोरं आहेत साहेब. त्यानंच तयार केलेली."

"म्हणूनच तर," थिटे म्हणाला. "एका जागेला तीन माणसं झाली की रुसवेफुगवे आले. चेंडू पोरांकडं जातो. पोरं उतावळी, वाया घालवतात. लोक येतात ते हणमंताला बघायला. कारखान्याच्या कपाटात जेवढे चषक आहेत ते त्यानं आणलेत, केरबानं नाही."

"केरबाला खेळू दिलं तर आणेल ना."

"जेव्हा आणेल तेव्हा बघू."

मला राहवेना. "चेंडू देणारे चार आणि ऊर फुटेस्तोवर पळणारा एक. हा काय संघ झाला? हा घाणा झाला. बैल म्हातारा झाला तर दुसरा जुंपायचा नाही, त्याच्याच पुढं पेंड वाढवायची."

राघू शिंपी फिसकन हसला. थिट्याला ते लागलं.

"कोंडिबा, तुला रे काय कळतं यातलं? चौथी नापास, अडाणी म्हातारा. मैदानावर फुकटचा चहा प्यायला येतोस."

चौथी मी पास आहे. आणि चहा घरून पिऊन जातो.

सत्तरी उलटलेल्या माणसाला अरेतुरे, तेही मठात, वीणेसमोर. मी उठलोच होतो. बुवांनी नुसतं बघितलं. बसलो.

"हणमंत कुठंय?" बुवांनी विचारलं.

"घरी," मी म्हणालो. "गुडघ्याला एरंडाची पानं बांधून पडलाय. मठाची पायरी चढवत नाही त्याला."

"चार दिवसांत उतरेल सूज," थिटे म्हणाला. "डॉक्टर आपल्यातलाच आहे."

बुवा थिट्याकडं वळले.

"विश्वासराव, वीणा घेता का थोडा वेळ?"

थिट्याचं तोंड उजळलं. हा मान मागून मिळत नाही.

"घेतो की महाराज."

"पाय धुऊन या. कमरेचा कातडी पट्टा काढून ठेवा."

तो पाय धुऊन आला. पट्टा काढला. घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पायाला हात लावायचा, देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या. लहानथोर बघायचं नाही, अशी रीत आहे. थिटे वाकला, बुवाही वाकले. वीणा त्याच्या गळ्यात आली. राघूकडून त्यानं फोटोही काढून घेतला.

"सप्ताह उठेपर्यंत ही खाली ठेवायची नसते," बुवा म्हणाले. "दुसरा घ्यायला आला की त्याच्या गळ्यात द्यायची."

"माहितीय हो बुवा."

मग बुवा आमच्याकडं वळले. "कोंडिबा, राघू, जेवून घ्या जा."

"बुवा, पुढचा पहारा माझा..."

"जा म्हणतो ना."

राघू गेला. मी दाराबाहेर पायरीवर बसलो. पंगतीतून आमटीचा वास येत होता, पण जेवण गेलं चुलीत. पायरीवरून आतलं सगळं दिसत होतं.

बुवा भिंतीला टेकून बसले. डोळे मिटले.

थिटे पहिल्यांदा ताठ उभा होता. मग एका खांद्यानं वाकला. मग दुसऱ्यानं. पट्टा नसल्यामुळं विजार खाली यायला लागली. एक हात वीणेला, एक विजारीला.

"बुवा..."

बुवांनी मांडी बदलली.

"बुवा, हणमंताला काय सांगताय तेवढं कळू द्या."

"कळेल. घाई काय?"

ऊन मंडपात आलं आणि थिट्याच्या तोंडावर बसलं.

"पाठ भरून आली हो. जरा टेकवू का खाली?"

"टेकवायची नसते."

"मग तुम्ही घ्या."

"मी आत्ताच दिली."

"त्या कोंडिबाला तरी हाक मारा."

"तो जेवतोय."

मी जेवत नव्हतो. बुवा खोटं बोललेले मी तेवढं एकदाच ऐकलं.

थिट्याचा आवाज चढला. "ही कुठली रीत? मी उभं राहायला नाही म्हणत नाही. पण द्यायची म्हटली तर देऊ कुणाच्या गळ्यात? घेणारी माणसं तर तुम्हीच घालवलीत."

बोलला आणि तसाच थांबला.

तारेवरचं बोट चुकलं... मग पुन्हा लागलं.

बुवांनी डोळे उघडले नाहीत.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. वीणा सोडता येत नव्हती. त्यानं विजारीचा हात काढला, दोन्ही गुडघे आवळून विजार धरली आणि फोन कान नि खांद्याच्या मध्ये दाबला. कारखान्याचा हा एवढा मोठा सेक्रेटरी. मी हसलो नाही. म्हणजे आवाज होऊ दिला नाही.

"हां, बोल सोनटक्के... कागद?... केरबाचा नि सादिकचा..."

सोनटक्के म्हणजे याच्या ऑफिसातला कारकून.

थिट्यानं बुवांकडं बघितलं. मग दाराकडं बघितलं, जिथून घ्यायला कुणी येत नव्हतं.

"नको पाठवू," तो म्हणाला. "दोघांचेही नको... कारण कसलं विचारतोस? पोरं इथंच खेळतील. ठेव फोन."

फोन खिशात गेला. हात पुन्हा विजारीला गेला. घाम नाकावरून वीणेच्या भोपळ्यावर पडत होता.

"बुवा," थिटे अगदी हळू म्हणाला. "आता तरी..."

बुवांनी डोळे उघडले. त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही. पायांकडं बघितलं.

"पाय बदलत राहा, विश्वासराव. एकाच पायावर भार दिला की गुडघा जातो."

पुढं वीणा मीच जाऊन घेतली. रीतीप्रमाणं त्यानं माझ्या पायाला हात लावला. तो वीणेचा नमस्कार झाला, ती माफी नव्हे. अडाणी म्हणाला त्याची माफी अजून यायचीय. नाव परत लिहितो, छापताना गाळू नका. विश्वासराव थिटे.