दगड तर हलकेच आहेत

फार जुन्या काळी एका राजाला शेजारच्या राजापेक्षा उंच बुरूज बांधायचा होता. बुरूज डोंगराच्या माथ्यावर आणि दगडाची खाण पायथ्याशी. राजा उंची ठरवून मोकळा झाला. दगड वर न्यायचे होते मजुरांना.

त्या मजुरांत खंडू सगळ्यांत दांडगा. दोघांना जड जाणारा दगड तो एकटा पाठीवर घेई आणि चढण चढून जाई. मुकादम चारचौघांत म्हणे, "गडी असावा तर असा! नाहीतर तुम्ही, नुसते कण्हता." खंडूला ते ऐकून मूठभर मांस चढे.

पण त्याची पाठ केव्हाच कामातून गेली होती. सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांत पाणी येई. मांडीपासून टाचेपर्यंत कळ जाई. त्याची बायको चंद्रा गरम विटेने शेकून देई आणि म्हणे, "अहो, सांगा की मुकादमाला."

"आणि बाकीच्यांसारखा रडका ठरू?" खंडू म्हणे.

दुखत तर सगळ्यांचंच होतं. कुणाचा खांदा वर होत नव्हता, कुणाचं मनगट सुजून आलं होतं. शेवटी हैबती नावाचा वयस्कर मजूर सगळ्यांना घेऊन मुकादमापुढे गेला.

"मालक, दगड जरा लहान फोडू द्या. नाहीतर दोघांत एक, बांबूला बांधून नेऊ द्या. असंच चाललं तर आम्ही मोडून पडू."

मुकादम चिडला नाही. तो हसला आणि वळून म्हणाला, "काय रे खंडू, तुझी दुखते का पाठ?"

सगळे खंडूकडे बघू लागले. नेमकी तेव्हाही त्याच्या पायातून कळ जात होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. हैबतीने त्याला डोळ्यांनीच विनवलं. पण मुकादमही बघत होता. खंडूने छाती पुढे काढली.

"माझी? छे! दगड तर हलकेच आहेत."

"ऐकलंत?" मुकादम गरजला. "खोट दगडात नाही, तुमच्यात आहे. चला कामाला!"

पुढे थोड्याच दिवसांत चढणीवर हैबतीचा गुडघा दुमडला आणि तो दगडासकट घसरत खाली गेला. दगड कमरेवर आला. जीव वाचला, पण पाय कायमचे गेले. त्याला झोळीत घालून घरी नेताना खंडू हात लावायला पुढे झाला.

"राहू दे, खंडू," हैबती म्हणाला. "तुला मीही हलकाच लागेन."

खंडू रस्त्यातच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खाणीवर गेला. तेवढेच मोठे दगड उचलत राहिला. मग एका सकाळी त्याला अंथरुणातून उठताच येईना. चंद्राने त्याला बैलगाडीत घालून मुकादमाकडे नेलं.

"मालक, पाठ गेली. या कामानेच गेली," खंडू म्हणाला.

"या कामाने कशी जाईल?" मुकादम शांतपणे म्हणाला. "दगड हलके आहेत असं तूच सगळ्यांदेखत सांगितलंस. घरी कुठे लचकली असेल."

खंडूने आजूबाजूला बघितलं. मजूर मान खाली घालून चढण चढत होते. त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून चूल पेटावी म्हणून चंद्रा खाणीवर जाऊ लागली. एका संध्याकाळी ती आली आणि दारातच बसली. तिला वाकून पायातल्या वहाणा काढता येईनात. खंडू खाटेवरून म्हणाला, "चंद्रा, तू तरी त्याला सांग. दुखतंय म्हण."

"पहिल्याच दिवशी सांगितलं," ती म्हणाली. "तो म्हणाला, हे गाऱ्हाणं जुनंच आहे, आणि त्याचा निवाडा तुझ्या नवऱ्याने कधीच केलाय."

खंडू भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बुरूज मात्र ठरल्या उंचीचा झाला.

या गोष्टीचं तात्पर्य: शाबासकीपायी जो आपलं दुखणं लपवतो, तो शेजाऱ्याचंही दुखणं खोटं पाडतो.