हद्दीचा दगड आणि टिटवी

फार जुनी गोष्ट. दोन तालुक्यांच्या मधल्या माळावर हद्दीचा एक दगड उभा होता. अंगाला चुना, कपाळावर नंबर. त्यामुळे स्वारी भलतीच ताठ.

एका उन्हाळ्यात टिटवीने त्याच्या पूर्वेला, उघड्या मातीत चार अंडी घातली. दुपार कलली की दगडाची सावली अंड्यांवर यायची.

"तू पाणी पितेस पश्चिमेच्या ओढ्यावर," दगड दरडावून म्हणाला. "म्हणजे तू त्या तालुक्याची. इकडची सावली तुला मिळायची नाही. अंडी हलव."

"अंडी अशी हलवता येतात होय, दादा?" टिटवी म्हणाली. "आणि सावली कुठं पडायची ते ऊन ठरवतं, तुम्ही नाही."

दगड दिवसभर धुमसत राहिला.

चौथ्या दिवशी मोजणीदार भिकोबा गड्याला घेऊन आला. नकाशा उलगडून म्हणाला, "हद्द आता ओढ्यापलीकडं गेली. तिथं नवे दगड बसलेत. हा फोड आणि रस्त्याच्या भरावात टाक."

दगडाची बोबडीच वळली. गड्याने घण उचलला, तोच टिटवी ओरडत त्याच्या डोक्यावर झेपावली. भिकोबाने खाली वाकून पाहिले.

"अरे, थांब! अंडी आहेत इथं. सावली गेली तर करपतील. राहू दे याला."

पुढे पावसाने चुना धुतला, नंबरही पुसला. एकदा एक दमलेला ससा आला आणि विचारू लागला, "दगडदादा, हा तालुका कुठला?"

"ते काही मला ठाऊक नाही, बाबा," दगड म्हणाला. "सावली या अंगाला आहे. बस."